धक्क्यावरची बत्ती

रमीजला कळंबोलीच्या भंगारात आगबोटीचा पितळी भोंगा सापडला आणि त्याच्या बहिणीला, तस्नीमला, आभाळ ठेंगणं झालं. त्यांचे अब्बा, अहमदमियाँ, तरुणपणी खाडीच्या धक्क्यावर कामाला होते. बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत आगबोट यायची, तिने भोंगा दिला की ते कंदील वर धरायचे. मग ती धक्क्याला लागायची, उतारू आणि भाताची पोती घ्यायची. कंदील खालीच असला तर तशीच पुढे निघून जायची. लकव्याने वर्षभरापूर्वी अब्बांची वाचा गेली होती. भोंगा ऐकून एक शब्द तरी बोलतील, एवढीच लेकीची आस.

तिन्हीसांजेला त्यांना सीवूड्सच्या घरून चाकाच्या खुर्चीसकट धक्क्यावर आणलं. रमीजने सोबत आणलेल्या ट्रकच्या हवेच्या टाकीला भोंगा जोडला. तस्नीमचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"वाजव रे."

भोंगा असा घुमला की खारफुटीतले बगळे उठले. अब्बांचे ओठ हलले. तस्नीमने घाईघाईने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांचा चेहरा नीट यावा म्हणून टॉर्च लावून मोबाइल डोक्यावर उंच धरला.

खाडीतून तसाच भोंगा आला.

"मी नाय वाजवला," रमीज म्हणाला. "टाकीतली हवाच संपली..."

"बत्ती... खाली घे."

अब्बा बोलले होते. तस्नीमला हसू आणि रडू एकदमच फुटलं. वेडी पोर ती, खाली घेते कसली, तिने हात आणखी ताणला.

"अब्बा, परत बोला ना."

पाण्यावर मोठ्या चाकांची छपछप जवळ आली. ओहोटीच्या चिखलावर कोळशाचा ओला धूर पसरला. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"उतारू हाय म्हनून दाखवलंस," अब्बा हळूच म्हणाले. "आता ती रिकामी नाय जायाची... दे इकडं."

त्यांनी मोबाइल तिच्याकडून काढून घेतला आणि लुळ्या पडलेल्या हाताने वर धरला. चाकं थांबली. घंटा वाजली. मग छपछप दूर दूर गेली. अब्बांचा हात तसाच वर होता, श्वास तेवढा थांबला होता.

अब्बांचा चाळिसावा झाल्यावर तस्नीमने धीर करून ते रेकॉर्डिंग लावलं. घंटेनंतर, लांब पाण्यावरून, अब्बांचा तरुण, खणखणीत आवाज येत होता. भोवती माणसांची गजबज होती, पोती ओढली जात होती. कुणीतरी विचारलं, "आनि ती धक्क्यावर उभी हाय ती?"

"माजी लेक," अब्बा म्हणाले. "ती आज नाय."