फुलीबाईचे डोळे

तळोद्यात लोक धीरजकडे फोटो छापायला यायचे ते त्याच्या प्रिंटरमुळे नाही, त्याच्या आईमुळे. प्रिंटर काय, कुणाच्याही घरी असतो तसाच, ओटीवरच्या स्टुलावर ठेवलेला. पण काळा-पांढरा फोटो छापणं दिसतं तितकं सोपं नसतं. रंगीत शाया मिसळून काळा केला की त्यात हिरवट नाहीतर तांबूस झाक उतरते. ट्यूबखाली झकास वाटलेला फोटो उन्हात नेला की खरं रूप दाखवतो. ही झाक धीरजला कळायची नाही, त्याच्या आईला, दगूबाईला कळायची. तिचा जन्म नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडण्यात गेलेला. एका लालमध्ये किती लाल असतात, ते तिलाच विचारावं.

एका दुपारी आमशा आला. तोरणमाळच्या वाटेवरच्या डोंगरातल्या पाड्यातला, जीपमागे लोंबकळत आलेला. त्याची आई फुलीबाई नुकतीच गेली होती. आधार कार्डावरचा फोटो पार पुसून गेलेला, आणि दुसरा होता तो गेल्यानंतर कुणीतरी मोबाइलवर काढलेला.

“भाऊ, रंगात ती मेलेली दिसते,” आमशा हळूच म्हणाला. “काळा-पांढरा कर. आणि... डोळे उघडता येतील का? रविवारी हार घालायचा आहे. माझी पोरगी घाबरते त्या मिटल्या डोळ्यांना.”

“येतील की,” धीरज म्हणून गेला. बोलायला काय, जिभेला हाड नसतं.

संध्याकाळपर्यंत त्याने कॉम्प्युटरवर इतरांच्या फोटोंतले नाना डोळे लावून पाहिले. कुणाच्या पापणीला काजळ, कुणी हसतंय, कुणी फारच तरुण. मग त्याला आईचा दिवाळीतला फोटो सापडला. तेच वय, तशाच सुरकुत्या, उजेडही त्याच बाजूने. डोळे फुलीबाईच्या चेहऱ्यावर असे बसले, की जणू तिथलेच.

आईला विचारायला ती पलीकडच्याच खोलीत होती. त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते त्याला ठाऊक होतं. वडिलांच्या तसबिरीशेजारी त्याने हौसेने तिचाही फोटो टांगला होता, तो तिने त्याच दिवशी काढायला लावला. “जित्ता मानूसना फोटोले हार पडना म्हंजे तो मानूस अर्धा गया रे,” ती म्हणाली होती. धीरज तेव्हा हसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रती काढल्या आणि आईला दारातल्या उन्हात बोलावलं. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याने फोटो जरा लांबच धरला.

“हाई हिरवं शे,” पहिली प्रत तिने बाजूला केली. दुसरी नुसत्या काळ्या शाईची होती. “हाई रव्यागत खरबरीत.” तिसरी त्याने खडबडीत, न चमकणाऱ्या कागदावर छापली होती. ती दगूबाईने हातात घेतली आणि खाली ठेवेचना.

“हिरवा नई, तांबडा नई. निस्तं कायं,” ती म्हणाली. मग आवाज उतरला. “धीरज... हाई बाई माले वयखस.”

फोटोतली बाई आईला ओळखते, हे ऐकताच धीरजने फोटो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. आमशा फोटो घेऊन गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघतेय ती,” तो एवढंच म्हणाला.

त्यानंतर दगूबाई अंगणात मिरच्या निवडायला बसली आणि तिने हाक मारली. “या काया मिरच्या कसाले लयना रे?”

मिरच्या काळ्या कुठल्या, लालभडक होत्या. ऊन पडून ढीग नुसता पेटला होता. धीरजने तिच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं करडी पडली होती. मोतीबिंदू असेल, शहाद्याला दाखवू, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं. लाल रंगावर जिने त्याला वाढवलं, तिचा लाल रंग त्याने विकला होता. त्याने कॉम्प्युटरवरून फोटो पुसला, उरलेल्या प्रती चुलीत घातल्या. कागद जळाला, जीव काही हलका झाला नाही.

रविवारी भर दुपारी रस्ता ओस पडला होता. दगूबाई दारात खाटेवर बसली होती, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत.

“या कोनता लोके शेतस रे?” ती पुटपुटली.

“कुठे माय?”

“या काय, खाले बसेल शेतस... रडी ऱ्हायनात. तो डोंगरमधला पोऱ्या... एक धाकली पोर माले दखीसन हसस...” ती खोकली. ओटीवर अगरबत्तीचा वास आला. धीरजच्या घरी त्या दिवशी कुणी अगरबत्ती लावली नव्हती. “धीरज, मन्हा गयामा काय घाली ऱ्हायनात रे... नको म्हन त्यासले...”

ती गळा चाचपू लागली, तसा त्याने आमशाला फोन लावला. “हार काढ! आमशा, पाया पडतो, आधी तो हार काढ. ते डोळे माझ्या आईचे आहेत. चुकलो मी, मी चोरले...”

पलीकडे गलबला झाला.

“काढला,” आमशा म्हणाला. “भाऊ... फोटोतले डोळे मिटलेत.”

धीरज मागे वळला. दगूबाई खाटेवरून उतरून मिरच्यांपाशी बसली होती. बुबुळं पुन्हा काळीभोर झाली होती. एक मिरची उचलून तिने उन्हात धरली, लाल बघून हसली. धीरजला रडूच फुटलं. “माय! माय, माफ कर माले...”

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओटीवर आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, अनोळखी, थोडं संकोचून. मग फोनकडे हात केला आणि काहीतरी म्हणाली. डोंगरातली बोली होती ती. दगूबाईला त्या बोलीतला एक शब्द येत नव्हता.

आमशाने ते फोनवर ऐकलं असावं. “आई?” त्याने पलीकडून हाक मारली.

“भाऊ,” तो म्हणाला, “फोन तिच्याकडे दे.”