डिकीत झोपून ऐकलेला आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

रादिसाव माझा सख्खा मामा. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. भुताखेतांची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या तिमोक नदीच्या खोऱ्यात कुणी नव्हता.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार. दुपारचे साडेतीन. भर उजेडात घडलेली गोष्ट आहे ही.

मामा त्या दिवशी पार थकला होता. गुडघे कुरकुरत होते, कंबर धरली होती. आणि गॅरेजात तीच गाडी तिसऱ्यांदा येऊन उभी होती. एकतीस वर्षांची, पांढरी. मामाच्या शेजाऱ्याची, वितोमिरची. तो मार्चमध्ये गेला. आता त्याची बायको झोरका ती चालवायची.

मागून आवाज येतो, एवढीच तिची तक्रार.

टक… टक टक.

मामाने मागचे शॉकअप बदलले होते. बेअरिंग पाहिले होते. सायलेन्सर नव्याने आवळला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून तासभर ऐकलं होतं. काही नाही. मामाने चालवली की गाडी मुकाट चालायची. झोरका बसली की…

टक… टक टक.

"वहिनी, मला बघून शहाण्यासारखी वागते हो तुमची गाडी."

"चेष्टा पुरे, रादिसावभाऊ. लेकीचे, स्लाविकाचे, दिवस भरलेत. जावई तिकडे व्हिएन्नात. कधीही तिला झायेचारच्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि मध्ये तो घाट. पोरगी म्हणते, त्या वाजणाऱ्या डब्यात मी बसणार नाही. तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, गाडी नीट आहे. मग बसेल ती."

आवाज सापडल्याशिवाय मामाने आजवर एकही गाडी 'नीट आहे' म्हणून दिलेली नव्हती.

शेवटी त्याने जुना उपाय काढला. मागचा आवाज हाती लागत नसला की आमच्याकडचे मिस्त्री डिकीत झोपतात आणि गाडी दुसऱ्याला चालवायला लावतात.

"अहो, साठी उलटली तुमची. अडकलात तर?"

"तर डिकीसकट पुरा. शवपेटीचा खर्च वाचेल."

झोरकाने झाकण लावलं.

अंधार. पेट्रोलचा वास. कानाशी मागच्या सीटची पाठ, मध्ये नुसता पुठ्ठा.

गाडी निघाली. चर्चपर्यंत काही नाही. पूल गेला… काही नाही. मामाला चक्क डुलकी येत होती.

मग घाटाचा चढ लागला.

टक… टक टक.

आवाज चाकाकडून नव्हता. खालूनही नव्हता.

आवाज आतून येत होता… मागच्या सीटवरून.

मामाने पुठ्ठ्यावर तळवा टेकवला. आणि पुठ्ठा हळूहळू त्याच्या हाताशी फुगत आला. पलीकडे कुणी अंगाने भरलेला माणूस रेलून बसला असावा, तसा.

"ओरडलास का नाहीस?" मी मामाला नंतर विचारलं.

"इतका दमलो होतो गं… वाटलं, बसू दे बिचाऱ्याला, जो कुणी असेल तो."

गाडी थांबली. डिकी उघडली. झोरकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणालात मघाशी?"

"मी? मी कशाला काय म्हणतोय?"

"म्हणालात की! वळणावर. 'हळू, झोरका, हळू.'"

मामा कसाबसा बाहेर आला. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. रेक्झिनला मात्र मधोमध खळगा पडला होता… आणि तो सावकाश वर येत होता.

झोरका रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

"दोन वर्षं अर्धांगाने पडला होता तो. गाडीत मागेच बसायचा, पाय पसरून. मी जोरात चालवली की काठी आपटायचा. एकदा म्हटलं, परत वाजवलंस तर इथेच उतरवीन." तिने डोळे पुसले. "भाऊ, सप्टेंबरात कबरीवर सहा महिन्यांची प्रार्थना केली त्याची. कबरीवरून परतताना मागे वळून बघायचं नसतं, नाहीतर गेलेला मागोमाग येतो, मला काय ठाऊक नाही? मान नाही वळवली मी. पण गाडी रिव्हर्स घ्यायची होती. आरशात बघावंच लागलं. तेव्हापासून वाजतंय हे. आरशात बघितलेलं धरतात का हो?"

छातीवर हात ठेवून सांगण्यासारखं मामाकडे काही नव्हतं. त्याने तिला स्वतःची व्हॅन दिली आणि तिची गाडी गॅरेजात ठेवून घेतली.

बुधवारी सकाळी कळा सुरू झाल्या. स्लाविका व्हॅनमध्ये बसली, वेळेत पोचली. मुलगा झाला. सगळं सुखरूप.

गुरुवारी झोरका व्हॅन परत करायला आली. मामा म्हणाला, "त्रास नाही ना दिला व्हॅनने? कुठे काही आवाज?"

"नाही." तिने व्हॅनची चावी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "अख्खा घाट कान देऊन बसले होते मी. पोरगी कळा देतेय, आणि मी आपली मागचा कानोसा घेतेय. काहीच आलं नाही हो… नातू झाला, आणि तो सोबत नव्हता."

आणि ती ढसाढसा रडली.

"माझी गाडी द्या, भाऊ. आवाज राहू दे तसाच."

मामाने चावी दिली. आवाजासकट सोडलेली त्याची ती पहिली गाडी. अजूनही ती तपासणीला त्याच्याकडेच येते. मामा पुढचं सगळं बघतो. मागचं दार उघडत नाही. टिंगलही करत नाही आता.

मागच्या आठवड्यात मी फाट्यावर बसची वाट बघत होते. झोरकाने गाडी थांबवली. पुढच्या सीटवर कोबीची पोती होती.

"मागे बस गं," ती हसून म्हणाली. "तो सरकून घेईल."

मी म्हटलं, मला जरा पाय मोकळे करायचेत.

सहा किलोमीटर चालत घरी आले.