ओकरकाठची गोपद्मं

“तेहतीस गोपद्मं, रोज. आणि ज्या दिवशी तुला काढता येणार नाहीत, त्या दिवशी घरच्याच माणसाकडून काढून घे, मैथिली. परक्याच्या हाती व्रत द्यायचं नसतं.”

आषाढी एकादशीपासून आईचा हा आवाज रोज सकाळी माझ्याबरोबर ओकर नदीपर्यंत यायचा. व्रत खरं तर तिचंच. पाच चातुर्मासांचं. चार पार पडले आणि पाचव्याच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सांगलीला तिला खाली बसता येईना, म्हणून गाईच्या पावलांची ती रांगोळी माझ्या हाती आली… जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये, जिथे मला गाय दिसते ती दुधाच्या खोक्यावर.

इमारतीच्या पायरीवर काढली, तर इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर नम्रपणे म्हणाला, पिठाला उंदीर येतात. खोलीत सगळीकडे कार्पेट. शेवटी नदीकाठी, पाण्यावर झुकलेल्या विलोच्या झाडाखाली एक सपाट दगड सापडला. रांगोळीऐवजी तांदळाचं पीठ घ्यायचे. मी उठले की बदकं येऊन ते टिपायची. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग वाटलं, नैवेद्य इतक्या लगेच कुठल्या देवळात पोचतो?

श्रावणातली ती एक सकाळ. पाऊस पडतोय की नाही हे गालालाच कळावं, असा पाऊस. गुडघ्याएवढे रबरी बूट घातलेला एक मुलगा नदीतून उलटा चालत वर येत होता, हातात बाटल्यांचा खोका. त्याचं मागे लक्षच नव्हतं.

“अहो, थांबा… पाय—”

घाबरून मराठीच निघालं तोंडातून. तो एक पाय हवेत धरून थांबला. दुसरा मात्र आधीच टेकला होता. त्यानं मान वळवून खाली पाहिलं.

“एक पाऊल गेलं,” तो म्हणाला. मराठीत. “आता ही गाय लंगडत जाणार.”

मी रागवायचं ठरवलं होतं. पण तो बूट काढून, ओल्या मोज्यांवर दगडाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, पुसलं मी, तर काढतोही मीच. काढलंही. दोन फुगीर पाकळ्या आणि मधली फट, एवढंच तर असतं गोपद्म. त्याच्या चिमटीतून काहीतरी पसरट, तीन बोटांचं उतरलं.

“हे बदकाचं झालं,” मी म्हटलं.

“बरंय की. येतात बदकंच.”

तो शार्दूल. चिपळूणचा. इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत नदीच्या पाण्यावर पीएच.डी. करत होता आणि आता त्याला रोज सकाळी त्याच वळणावर पाण्याचे नमुने घ्यायचे होते. मग तोही यायला लागला आणि मीही यायचेच… फक्त आता मी थोडी लवकर निघायचे. केस नीट विंचरून.

देवाधर्माचं त्याला फारसं नव्हतं, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. पण मी त्याला काम करताना पाहायचे ना. नमुना घेण्याआधी तो बाटली नदीच्याच पाण्यानं विसळायचा. एकदा, दोनदा, तीनदा. हलक्या हातानं, गाळ न ढवळता. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाला, आपलं काही तिच्यात मिसळलं तर नदी नाही कळत, आपणच कळतो.

“हे आचमन झालं,” मी म्हटलं.

“हे प्रोटोकॉल आहे.”

“तेच ते.”

तो हसला. त्यानंतर मात्र बाटली विसळताना तो माझ्याकडे एकदा बघायचाच, चोरून.

भाद्रपदात एकदा पाऊस जोरात आला. शार्दूलनं छत्री उघडली आणि धरली… माझ्यावर नाही, दगडावर. आम्ही दोघं चिंब भिजत उभे, आणि छत्रीखाली पांढरीशुभ्र तेहतीस पावलं, कोरडी. तू भिजतोयस, मी म्हटलं. तो म्हणाला, मी पिठाचा नाहीये. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसावंसं वाटलं आणि मी पदरात घ्यावा तसा हात स्कार्फात गुंडाळून घेतला.

आता अडचणीचं सांगते. महिन्यातले चार दिवस मी देवाच्या कशाला हात लावत नाही. आमच्या घरी तसंच आहे, आणि मला त्याचं ओझं वाटत नाही. त्या दिवसांत माझ्याबरोबर राहणारी अपूर्वा गोपद्मं काढायची. ती असलं काही मानत नाही, पण माझ्यासाठी अंघोळ करून, कुरकुरत जायची. आईनं तिला कधीच घरची करून टाकलं होतं. पण आश्विनात तिला बर्लिनच्या एका स्टार्ट-अपमध्ये नोकरी लागली आणि ती बॅगा भरून गेली. चार दिवस परवावर आले होते. व्रत संपायला थोडेच दिवस उरलेले, आणि आईची पाच वर्षं माझ्या चिमटीत.

नदीवर दाट धुकं होतं त्या सकाळी. शार्दूलनं माझा चेहरा पाहून विचारलं काय झालं. मी पिठाच्या डबीशी बोलल्यासारखं सांगितलं, की परवापासून चार दिवस मला यायला जमणार नाही.  तो फार जपून म्हणाला, त्याचं काही चुकलं असेल तर तो दुसऱ्या वळणावर नमुने घेईल.

“तसं नाही रे… चार दिवस मला देवाचं करता येत नाही.”

त्याला समजायला एक क्षण लागला. मग कान लाल झाले आणि त्यानं बाटलीचं झाकण उगाच पुन्हा एकदा घट्ट केलं.

“अच्छा. मग… मी काढतो.”

“परक्याच्या हातून चालत नाही. घरचंच माणूस लागतं.”

नदीचा आवाज एकदम मोठा वाटला. कुठेतरी धुक्यात चेस्टनटचं फळ टपकन पडलं.

“आणि मी परका,” तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

मी मान खाली घातली. माझ्यासारख्या मुलीला एवढं मोठं बोलायची सवय नसते. पण न बोलता निघाले असते, तर त्यानं ते खरं मानलं असतं.

“ते मी संध्याकाळी आईला सांगणार आहे,” मी म्हटलं. “तू कोण ते. तुला फक्त… आधी सांगते.”

 तो बूट काढून माझ्याशेजारी बसला आणि तळहात पुढे केला.

“मग शिकव. माझं अजून बदकाचंच येतं.”

मी त्याच्या हातावर पीठ ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याचं मनगट धरलं. थंड होतं, नदीत बुडवून आलेलं. दाबू नकोस, नुसतं सुटू दे, मी म्हणत राहिले. त्याचा श्वास रोखलेला मला ऐकू येत होता. दगडावर एक पाऊल उमटलं, जरासं वाकडं, पण गाईचंच. दुसरं आणखी बरं. तेहतीस होईपर्यंत मनगट कोणी सोडवून घेतलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. अपूर्वा गेल्याचं सांगितलं. आईचा आवाज बारीक झाला.

“मग आता तुझं घरचं कोण आहे गं तिथे?”

“शार्दूल आहे, आई.”

 पलीकडे बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं. मी डोळे मिटून घेतले. श्रावणापासून त्याच्याबद्दल आईला अवाक्षर बोलले नव्हते, आणि आता एका नावात सगळंच बोलून बसले होते.

“मैथिली,” आई शेवटी म्हणाली, “अंघोळ करून काढेल ना तो?”

मला हसू आलं आणि रडूही. काढेल, म्हटलं. आई म्हणाली, मग पाय पूर्वेकडे वळलेले असू देत, सांग त्याला. आणि फोन ठेवताना हळूच, की व्रताचं उद्यापन झालं की बोलू आपण सविस्तर. बाबा पण बोलतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी चहाचा कप घेऊन उभी होते. रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते, सायकलींच्या सीटवर दवाचा थर. कोपऱ्यावरून शार्दूल आला. टोपी नव्हती. एवढ्या गारठ्यात केस ओले, मानेवर चिकटलेले, आणि जॅकेटमधून शर्टाची स्वच्छ पांढरी कॉलर डोकावत होती. पिठाची नवी, त्यानंच आणलेली डबी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, सांडू नये म्हणून सायकलही घरी ठेवून.

माझ्या खिडकीखालून तो गेला, पण वर पाहिलं नाही. ओठ हलत होते. पूर्व कुठली ते बहुतेक मनाशी घोकत होता.

मग तो रस्ता ओलांडून धुक्यात नदीकडे वळला.