थांबकाल

पडद्यावर दोन आलेख एकमेकांवर ठेवलेले होते, आणि ते इतके चपखल बसले होते की खालचा आलेख दिसतच नव्हता.

"शंभरात नव्याण्णव," डॉ. शकील मुकादम खूश होऊन म्हणाला. "मॅडम, बारा वर्षांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस. मेंदूचा पुढचा भाग निम्मा गेला, नवा विणला, तरी स्वभाव जागच्या जागी!"

डॉ. इंदुमती खानविलकरांना यात नवल वाटलं नाही. रत्नागिरीच्या या स्वभावमापन केंद्राच्या त्या गेली बावीस वर्षं संचालक होत्या, आणि त्यांच्या केबिनच्या भिंतीवर एकच पाटी होती: 'सुंभ जळतो, पीळ जात नाही.' पाहुण्यांना ती गंमत वाटायची. बाईंचा तो सिद्धांत होता. तिशीनंतर माणसाचा स्वभाव बदलत नाही, आपल्या पूर्वजांना हे यंत्रांशिवाय कळलं होतं, असं त्या प्रत्येक भाषणात सांगत.

आजचा माणूस म्हणजे दिगंबर शिवलकर, वय बेचाळीस, खाडीखालच्या भरती-वीजकेंद्रातला चालक. सुमारे सहा महिन्यांपूर्वी तो जिन्यावरून पडला आणि डोक्याला जबर मार लागला. अशा रुग्णांचं मज्जाविणकाम करतात; निकामी झालेल्या भागात कृत्रिम तंतूंची जाळी विणतात. सहा महिने ही वीण कच्ची ठेवतात. तेवढ्या मुदतीत केंद्राने रुग्णाचा स्वभाव तपासून 'तोच इसम' असा दाखला दिला की रुग्णालय वीण पक्की करतं, आणि माणूस कामावर जातो. दिगंबरच्या मुदतीचे आठ दिवस उरले होते.

दाखल्यावर सही व्हायची बाकी होती, कारण त्याच्या बायकोने हरकत घेतली होती. ती समोरच बसली होती. सुगंधा शिवलकर, आठवीच्या वर्गाला गणित शिकवणारी. बाहेरच्या बाकावर नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी कस्तुरी होती.

"सुगंधाताई," खानविलकर समजुतीने म्हणाल्या, "आम्ही माणसाला तीन बाजूंनी मोजतो. एक, तो स्वतःबद्दल काय सांगतो. ते अर्धं खोटं असतं, कारण स्वतःबद्दल सगळेच चांगलं लिहितात. दोन, आजूबाजूचे काय सांगतात. त्यात सांगणाऱ्याचे रागलोभ मिसळतात, त्याला आम्ही साक्षीदोष म्हणतो. म्हणून तिसरी बाजू, प्रसंगकक्ष. तिथे आम्ही माणसाला खोटाच प्रसंग घालून देतो. रांगेत कुणी घुसतं, कुणी रडतं, कुणी फार सावकाश बोलतं. तो काय करतो ते यंत्र टिपतं. तिन्ही मिळून स्वभावलेख होतो. दिगंबररावांचा लेख जुळतोय."

"जुळत असेल. पण मॅडम, तुमचा आलेख तुमच्या पडद्यावर राहतो. तो माणूस माझ्या घरात राहतो."

"काय बदललंय?"

सुगंधाने बाहेरच्या दाराकडे पाहिलं. "कस्तुरी बोलताना अडखळते. लहानपणापासून. एक वाक्य पुरं व्हायला सात सेकंद लागतात, शाळेत काही झालं असेल तर वीस. मी मोजलेत. दिगंबर थांबायचा. जगात तो एकटाच थांबायचा, खोटं कशाला सांगू, मीसुद्धा कधीकधी नाही थांबत. आता तो तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. मायेनेच करतो हो. 'पाणी हवं? दमलीस?' आणि ती 'हो' म्हणते. तो जे म्हणेल त्याला हो. परवा पोरीच्या पोटात दुखत होतं. हा म्हणाला, 'झोप आली ना?' ती हो म्हणाली आणि जाऊन पडली. रात्रभर कण्हत होती. गेल्या महिन्यापासून तर ती वाक्याला सुरुवातच करत नाही."

 

"आजारातून उठलेला माणूस उतावळा होतो," खानविलकर म्हणाल्या.

"तसं नाही मॅडम," शकीलने आकडे चाळले. "उतावळेपणा वाढलेला नाही. सावकाश बोलणाऱ्याला मध्येच तोडण्याआधी ते किती थांबतात, तो थांबकाल एक पूर्णांक नऊ सेकंद. आधीही एक पूर्णांक नऊच."

"आधी म्हणजे कधी?" सुगंधाने विचारलं.

"नोकरीला लागले तेव्हा. बारा वर्षांपूर्वी."

"तेव्हा कस्तुरी कुठे होती?"

सुगंधा उठून पडद्याजवळ गेली आणि वर्गात पेपर तपासावा तसे दोन्ही आलेख तिने नीट पाहिले.

"मला तुमच्यातलं कळत नाही. पण माझ्या वर्गात दोन पेपर असे टिंबाटिंबाला सारखे आले तर मी पोरांना हुशार म्हणत नाही. मी म्हणते, कुणी कुणाचं बघून लिहिलं? मॅडम, ही जाळी विणताना नमुना कुठला घेतला?"

खानविलकरांनी दिगंबरची फाइल उघडली. नमुना त्यांनीच पाठवला होता. दिगंबरचा एकच स्वभावलेख अस्तित्वात होता, बारा वर्षांपूर्वीचा. स्वभाव बदलत नाही म्हटल्यावर तो ताजा की शिळा हा प्रश्नच नव्हता. त्या कागदावरून वीण विणली, आणि वीण बरोबर आहे की नाही ते त्याच कागदाशी ताडून पाहिलं.

"पण आठवणी शाबूत आहेत त्यांच्या," शकील पुटपुटला.

"आठवणी आहेतच," सुगंधा म्हणाली. "सगळं आठवतं त्याला. फक्त त्या आठवणींनी त्याला जे केलं होतं, ते गेलं. लग्न ठरलं तेव्हा तो असाच होता. बोलका, घाईचा, हसरा. आवडलाच होता मला! पण तो कस्तुरीचा बाबा नव्हता."

"एका प्रकरणावरून सिद्धांत मोडत नाही," खानविलकर म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा ताठा नव्हता. "शकील, आपल्याकडे दुसऱ्यांदा मोजलेले किती आहेत?"

"बासष्ट. सगळे नव्वदच्या वर."

"त्यातले निरोगी किती?"

शकील यादी खाली खाली नेत राहिला. शेवटी म्हणाला, "एकही नाही. सगळे मज्जाविणकामाचे. धडधाकट माणसाला परत मोजायची आपल्याला कधी गरजच वाटली नाही. स्वभाव बदलत नाही ना."

बावीस वर्षांचा पुरावा बासष्ट माणसांचा होता, आणि ती बासष्ट माणसं याच केंद्राच्या कागदांवरून विणलेली होती. अहो, आपणच शिवलेला सदरा आपल्याच मापाचा निघाला म्हणून यांनी बावीस वर्षं पाठ थोपटून घेतली होती!

"मला मोजा," सुगंधा म्हणाली. "वीजकेंद्राच्या वसाहतीत घर देताना बायकांनाही मोजलं होतं, आणि तेव्हा माझीही तिशी उलटली होती. माझा कागद असेल तुमच्याकडे."

कागद होता. मोजणीला तीन तास लागले. तोवर दिगंबर दोनदा आत डोकावून गेला. "झालं का मॅडम? सोमवारी पाळी आहे माझी!" असं म्हणून, उत्तर न ऐकता हसत परत गेला.

सुगंधाची जुळणी शंभरात चौसष्ट आली.

"मधल्या काळात काही आजार? अपघात?" शकीलने नियमाप्रमाणे विचारलं.

"काही नाही. संसार झाला."

खानविलकर खुर्चीत मागे टेकल्या. "बासष्टांपैकी किती घरांनी हरकत घेतली होती?"

"एकोणचाळीस." शकीलला हा आकडा शोधावा लागला नाही. "आपण प्रत्येकावर शेरा मारला, साक्षीदोष. मग वीण पक्की झाली."

"शेरा मी मारला," खानविलकर म्हणाल्या. "आपण नव्हे. चूक माझी आहे." बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. पक्की वीण पुन्हा सैल करता येते की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तशी वेळ येईल असं केंद्राने कधी मानलंच नव्हतं. त्यांना खरोखर लाज वाटली.

मग त्या सुगंधाकडे वळल्या. "तुमच्याकडे आठ दिवस आहेत. अपघाताआधी दिगंबर कसे होते, ते तुम्ही लिहा. दोनशे चाळीस प्रश्न आहेत. त्यावरून नवा नमुना करून पुन्हा विणता येईल."

सुगंधाने प्रश्नावली हातात घेतली. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली. चौथा प्रश्न होता, 'आपली चूक लगेच कबूल करतो का?' तिने 'नेहमी' लिहिलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं, आणि खुदकन हसली.

"दिगंबरने आयुष्यात कधी चूक कबूल केली नाही. बघा, चौथ्याच प्रश्नाला मी त्याला सुधारायला बसले. दोनशे चाळीस होईपर्यंत तो अगदी माझ्या मनासारखा होईल. नको. मनासारखा नवरा मला कधी मिळाला नव्हता, आता घेऊन काय करू?" तिने कागद परत दिले. "दुसरा काही मार्ग?"

"वीण कच्चीच ठेवायची," शकील म्हणाला. "कच्ची वीण रोजच्या जगण्याने बदलते, जशी आपली सगळ्यांची बदलते. पण तेच होतील का, दुसरंच काही होतील, सांगता येणार नाही. शिवाय दाखला मिळणार नाही. दाखल्याशिवाय खाडीखाली सोडत नाहीत."

"हे त्याला विचारायला हवं."

दिगंबरला आत बोलावलं. कस्तुरी बाकावरच राहिली. सोळा वर्षांखालच्यांची साक्ष केंद्र घेत नसे. खानविलकरांनी काही न लपवता सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांचं प्रत्येक वाक्य तो मध्येच तोडत होता. शेवटी त्यांनी दोन आलेख दाखवले, आणि मग सुगंधाचे दोन.

तो बघत राहिला. "म्हणजे मी कोण? झेरॉक्स?"

"तसं नाही—"

"तसंच आहे! आणि दाखला नाही मिळाला तर मी करू काय? वीस माणसं माझ्या हाताखाली आहेत. घरी बसून वाल सोलू?" तो सुगंधाकडे वळला. "तू लिहिलीस हरकत? माझ्याशी बोलायचं तरी."

"बोलायला गेले होते. तीनदा. तू वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस."

दिगंबर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी थांबायचो, ते आठवतं मला. ओसरीवर बसून. ती बोलायची आणि मी थांबायचो. पण थांबताना मी मनात काय करायचो, ते काही केल्या आठवत नाही. सुगंधा, काय करायचो गं?"

"ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

"किती सेकंद म्हणालात माझे?" त्याने शकीलला विचारलं.

"एक पूर्णांक नऊ सेकंद."

तेवढ्यात दार ढकलून कस्तुरी आत आली. इतक्या माणसांना पाहून बिचकली, पण बापाच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "ब... बाबा, म... म..."

दिगंबरचं तोंड उघडलं. "कंटाळ—" एवढं बाहेरही पडलं. मग त्याने स्वतःचा तळहात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. शकील सवयीने सेकंद मोजू लागला. एक पूर्णांक नऊ केव्हाच गेले. दिगंबरच्या कपाळावर घाम आला होता, मान ताठ झाली होती. थांबणं त्याला जमत नव्हतं. तरी तो थांबला होता.

"म... मला क... कंटाळा नाही आला. म... मला भ... भीती वाटते. तुम्ही प... परत खाली जाणार म्हणून."

सतरा सेकंद झाले होते. दिगंबरने तोंडावरचा हात काढला.

"अजून काही?" त्याने विचारलं.

कस्तुरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. गेल्या सहा महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "ह... हो," ती म्हणाली.

शकीलने नवा थांबकाल यंत्रात घातला. पडद्यावरचा वरचा आलेख एका ठिकाणी किंचित सरकला आणि पहिल्यांदाच खालचा आलेख दिसू लागला. खानविलकरांनी प्रश्नार्थक नजरेने दिगंबरकडे पाहिलं. त्याने दाखल्याकडे बघून मानेनेच नाही म्हटलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. 'तोच इसम आहे काय?' या रकान्यात बाईंनी 'नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग त्यांनी शकीलला खुणेनेच बासष्टांपैकी पहिली फाइल काढायला सांगितलं. तोंडाने कुणीच काही बोललं नाही, कारण कस्तुरीचं दुसरं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.