नाव न घेता मारलेली हाक

धडगावाच्या खालच्या अंगाला, नाल्यावर, सागवानाचा छपरी पूल होता. वर कौलं, दोन्ही बाजूंना फळ्या. भर दुपारीही आत शिरलं की दिवेलागण झाल्यासारखं वाटे. त्या डोंगरात मोटार अजून पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

कोरीटची धनुबाई तिथे गेली ती नवऱ्याला आणायला. नवरा सुतार. मागच्या पावसाळ्यात याच पुलाचं छप्पर चढवताना तो खाली गेला, आणि नाल्याने देह काही परत दिला नाही. परगावी मरण आलेल्याच्या जीवाला घरी आणायची त्यांच्यात रीत होती. जिथे प्राण गेला तिथला दगड पदरात बांधायचा, हाक मारायची, आणि मागे न बघता, वाटेतले खाचखळगे त्याला सांगत घरी यायचं. नाहीतर तो बिचारा तिथेच अडकून राहतो. वर्षभर याच विचाराने धनुबाईला धड घास गेला नव्हता. दीर भटू बैलगाडी घेऊन घाटाखाली थांबला, कारण हाक बायकोनेच मारायची असते.

पुलाच्या तोंडाशी रूपलीबाई राहायची, लाकूडफाटा विकणारी. धनुबाई कशाला आली ते ऐकून तिने हातातली मोळी खाली ठेवली.

"बहीण, नाव लिसन हाक मार," ती हळूच म्हणाली. "आठे तो एकलाच नही शे."

धनुबाईने मान हलवली खरी, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? पोर असतं तर 'अमक्याना बाप' म्हणून भागलं असतं. तेही देवाने दिलं नव्हतं.

उन्हं कलली होती. नाल्यातला दगड पदरात बांधून ती पुलात शिरली. आत गारवा होता, ओल्या लाकडाचा आणि वटवाघळांचा वास होता. खाली पाणी संथ वाहत होतं. मधोमध उभं राहून तिने पदर सारखा केला. चुडामण... नाव गळ्यापर्यंत आलं, आणि सासरा, दीर, सगळी भावकी समोर उभी असल्यासारखी ती लाजली.

"आयका ना..." ती म्हणाली. "घर चाला."

काही वेळ काहीच झालं नाही. मग मागे एक फळी करकरली. अंगावर काटा आला, आणि तरी जीव असा हरखला की तिचे डोळे भरून आले. आला एकदाचा.

"आठे फळी ढिली शे... जपीन या."

पावलं मागे येत राहिली. पूल संपला, उताराचे खडे सुरू झाले, तरी येत राहिली. मागे न बघता ती घरचं सांगत सुटली. गाय व्याली, अंगणातला निंब वाढला, तुमच्या हत्यारांतली वाकस मी तेल लावून ठेवली आहे. इतक्या दिवसांचं मन मोकळं होत होतं. भीती कुठच्या कुठे गेली.

वळण आलं. पूल आता बराच मागे राहिला होता. आणि तिथून, त्या छपराखालून, थकलेला, ओळखीचा आवाज आला. चुडामणचाच.

"धनू... कोणले संगे लई चालनी तू?"

ती जागीच थांबली. मागची पावलं मात्र थांबली नाहीत. ती सावकाश पुढे आली आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.