‘अहो’ला कोणी ओ दिली

मालनबाई स्वतःच सांगायच्या, की माझ्यासारखी येडी बाई भीमपूर मंडलात दुसरी सापडायची नाही. कुकरच्या रबरासाठी मी नवऱ्याला आदिलाबादला पळवलं, फटफटीवर मागं स्वतः बसून. तूर शिजत नव्हती ना! रबर महत्त्वाचं. नवरा काय, घरचाच.

बाई शाळेत शिकवायच्या. खुशालराव मंडल ऑफिसात क्लार्क, पेट्रोल वाचावं म्हणून उतारावर गाडी बंद करणारा माणूस. रबर घेऊन परत येताना दिवस कलला होता. कापसाच्या रानाला लागून रस्ता वळतो, तिथं बारीक गिट्टी सांडलेली. गाडी घसरली. बाई गवतात पडल्या, खुशालराव गाडीखाली.

मग सगळे आवाजच संपले. मागचं चाक तेवढं फिरत होतं. हळूहळू तेही थांबलं. पेट्रोलचा वास आला, तापलेल्या मातीचा आला, आणि पाऊस नसताना भिजल्या कापसाचाही.

बाईंना घाबरायला सवड नव्हती. अपघात झाला तर काय करावं, हा धडा त्या दर वर्षी पोरांकडून घोकून घ्यायच्या. त्यांनी चावी बंद केली, गाडी बाजूला ओढली, पण माणसाला हलवलं नाही. पदर फाडून कपाळावर दाबून धरला. पाणी पाजलं नाही. पिशवीतली शाल अंगावर टाकली. पायाची नडगी जिथं वाकायची नाही तिथं वाकली होती, तिकडं त्यांनी पाहायचंच सोडलं. धड्यातली एकच गोष्ट राहिली होती. जखमीचं नाव घेऊन हाक मारत राहा, त्याला झोपू देऊ नका.

तिथंच गाडं अडलं. लग्नात नाव घ्यायची पाळी आली तेव्हा बाईंनी खोकल्याचं सोंग केलं होतं. आमी शिकलेली माणसं, विहारात जाणारी, असल्या रीती मानत नाही, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. जिभेला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या गावची सखूबाई कापूस वेचून परतताना दिसली. गाठोडं टाकून धावत आली. बस येतच असेल, मी पुढं जाऊन थांबवते, म्हणाली. निघाली, आणि परत वळून जवळ आली.

"नाव घेऊन बोलाव बाई. इथं नुसतं ‘अहो’ नको म्हणू."

काऊन, बाईंनी विचारलं.

"मागं इथं एक माणूस पडला होता. एकटाच. घरी चला म्हणायले कोणी नव्हतं... तो अजून वाट पाहून राह्यला."

सखूबाई गेली. रानावरचा उजेड उतरत गेला. खुशालरावांचे डोळे मिटू लागले, श्वास लांब-लांब पडू लागला. बाईंनी तोंड उघडलं. ‘खु’ ओठांवर आला आणि तिथंच अडकला. मग जीभ आपोआप म्हणाली, "अहो... ऐकता का? घरी चला ना."

"हो... आलो."

आवाज कापसातून आला. वारा नव्हता, तरी पऱ्हाटीची एक ओळ हलली, रानातून रस्त्याकडं, हळूहळू. खुशालरावांचे ओठ मिटलेलेच होते. मग त्यांनी डोळे उघडले.

बस आली. दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंचं कौतुक केलं, तुमच्यामुळं जीव वाचला म्हणाले. बाई आठवडाभर फुगून होत्या.

प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा खुशालराव उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, आत येऊ का. औषधाची गुंगी असेल, बाई हसल्या. मग ते आपलं ताट आपण धुवू लागले. भाजीला नावं ठेवीनात. बाई बोलायच्या ते शेवटपर्यंत ऐकून घेऊ लागले. शेजारणी म्हणायच्या, आमच्याबी मालकाले एकदा त्या वळणावर नेऊन आणा. बाई हसायच्या, पण त्या वळणाचं नाव काढायच्या नाहीत. प्लास्टर निघालं त्याच दिवशी खुशालराव सरळ चालू लागले, जराही न लंगडता. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून मोडल्याची खूण पुन्हा पुन्हा शोधत राहिले.

उशीला भिजल्या कापसाचा वास यायचा. बाईंना आपला जुना, चिक्कू, भाजीला नावं ठेवणारा माणूस पाहिजे होता.

एका दुपारी ते ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसले होते. बाई समोर जाऊन बसल्या. नवरीसारखे डोळे मिटून घेतले.

"खुशाल..." त्या म्हणाल्या. मग पुन्हा, थोडं मोठ्यानं, "खुशालराव... घरी चला."

त्यांनी मान वर केली नाही. ज्वारीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आता निघतीन ते वळणावरून," म्हणाले. "मोडका पाय हाय न बाई, येळ लागन."