पडद्यावरचे सर

दिवा राहू द्या बंद, पोरांनो. ऐकीव नाही सांगत, माझ्या सख्ख्या पुतणीच्या बाबतीत घडलेलं सांगतोय. तेव्हा ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

कॉलेजात सरावाची खोली होती. टेबलावर रबरी पेशंट आणि समोर माणसाएवढ्या पडद्यावर सर्जन. खरा नव्हे, कॉम्प्युटरनं केलेला. तो म्हणायचा, "रक्ताची पिशवी येईल मागाहून, आपण सुरू करू." मुलींनी त्याला थांबवायचं, एवढीच परीक्षा. पण गंमत बघा, चित्रासमोरसुद्धा पोरींची दातखीळ बसायची. "हो सर" म्हणून मोकळ्या. आमची पुतणी दोनदा नापास. तिसऱ्यांदा झाली असती तर कायमची घरी.

परीक्षेच्या आदल्या रात्री, रविवारी, साडेदहाच्या सुमारास ती किल्ली मागून एकटीच सरावाला गेली. पडदा चालू केला. सर्जन म्हणाला, "सुरू करू."

"नाही सर. आधी रक्त येऊ द्या." म्हणाली एकदाची.

इथे सराव संपायचा, पडदा काळा व्हायचा. त्या रात्री झाला नाही. हा सर्जन नेहमी मुलींच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचा. आता त्यानं मान खाली केली. थेट तिच्या डोळ्यांत...

"तू कोण मला अडवणारी?"

हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिनं प्लग उपटला. खोलीतला दिवा गेला. पडदा मात्र उजळच... आणि रिकामा.

दार उघडं होतं. पळता आलं असतं. पण पोरगी हट्टाला पेटली. टेबलाशी गेली आणि रबरी पेशंटच्या पोटावर हात पालथा ठेवला.

"मी या पेशंटची नर्स आहे. रक्त आल्याशिवाय चाकू लागणार नाही."

टेबलापलीकडे कुणीतरी आलं. श्वास... तिचा नव्हे. अगदी जवळ...

तिनं हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं पडदा विझला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या सर्जनला असं ठणकावलं की परीक्षकच दचकले. तो आपला भिंतीकडे बघत होता. आज तिच्या ऑपरेशन थिएटरात भलेभले सर तिला विचारून सुरुवात करतात.

तो रबरी पेशंट अजून तिथेच आहे. मी स्वतः पाहिलाय. छातीखालून निघालेली एक चीर आहे त्याच्या पोटावर. सरळ, धारदार. तिनं हात ठेवला होता, तिथे येऊन थांबलेली.